वीरगळीच्या माथ्यावर महादेवाची पिंड का असते?

आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाबाहेर तीन चौकटींचा एक दगड उभा आहे. त्याच्या खालच्या चौकटीत गाई व आडवा पडलेला माणूस, मधल्या चौकटीत त्याच्या दोन्ही बाजूंना स्त्रिया आणि सर्वांत वर महादेवाची पिंड आहे, तेव्हा तो पडलेल्या देवळाचा भाग असावा काय, असे आपण विचारले आहे. वर्णनावरून ती देवळाची शिळा नसून वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराची स्मारकशिळा आहे. 'कल्लु' म्हणजे कन्नडमध्ये दगड. वीराचा दगड तो वीरकल्लु, आणि त्याचीच मराठीत वीरगळ झाली. आपला सोलापूर जिल्हा कल्याणीच्या चालुक्यांच्या आणि पुढे देवगिरीच्या यादवांच्या अमलाखाली होता, आणि त्या काळातल्या, म्हणजे साधारण ११व्या ते १३व्या शतकांतल्या अशा शिळा आपल्याकडे गावोगावी मारुतीच्या पारापाशी नाहीतर वेशीजवळ उभ्या दिसतात.

वीरगळ नेहमी खालून वर वाचावी. खालच्या चौकटीतल्या गाई म्हणजे शत्रूने वळवून नेलेले गोधन. ते सोडवताना हा पुरुष पडला. गुरे हीच गावाची संपत्ती असल्यामुळे त्यांच्यासाठी आलेले मरण हे गावासाठी आलेले मरण मानले जाई. मधल्या स्त्रिया वीराच्या बायका नव्हेत, त्या अप्सरा आहेत. कर्नाटकातल्या कित्येक वीरगळींवर एक श्लोक कोरलेला सापडतो : 'जितेन लभ्यते लक्ष्मीः मृतेनापि सुराङ्गना । क्षणविध्वंसिनि काये का चिन्ता मरणे रणे ॥' जिंकलास तर लक्ष्मी, मेलास तर देवांगना. मग क्षणात नष्ट होणाऱ्या देहाची रणात काय चिंता? मधली चौकट म्हणजे या श्लोकाचा दुसरा चरण, दगडात उतरवलेला.

आता माथ्यावरच्या पिंडीचा प्रश्न. स्वर्ग मिळाल्यावर शिल्पी तिथेच का थांबला नाही? कारण स्वर्ग हा पुण्य संपेपर्यंतचा मुक्काम आहे, आणि वीराची गती त्याच्याही पलीकडची मानली जात असे. आपल्या परंपरेतले एक प्रसिद्ध वचन सांगते की सूर्यमंडळ भेदून जाणारे पुरुष दोनच, एक योगयुक्त संन्यासी आणि दुसरा रणात शत्रूला सामोरा जाऊन पडलेला. योग्याने आयुष्यभर साधना करून जे मिळवायचे, ते या माणसाने एका दिवसात मिळवले, असा हा दावा आहे, आणि माझ्या मते वरची पिंड तोच दावा मांडते. त्या चौकटीकडे जवळून पाहावे. लढाईत अंगभर शस्त्रे असलेला तोच पुरुष इथे बहुधा हात जोडून बसलेला असतो; ढाल नाही, तलवार नाही; पिंडीच्या दुसऱ्या बाजूला पुजारी, कधी नंदी. हा कैलास आहे. मुंबईतल्या एकसरच्या प्रसिद्ध वीरगळींपैकी काहींवर गाईंच्या जागी लढाऊ गलबते आहेत, तरी युद्धाकडून शिवलोकाकडे चढत जाणारा क्रम तोच आहे. वीर जैन असेल तर माथ्यावर जिनमूर्ती येते. म्हणजे देवता ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे बदलते, चढण बदलत नाही.

माथ्यावर कलशाच्या बाजूंना सूर्य-चंद्र असतील, तर ते पूजेसाठी कोरलेले नाहीत. दानशिळांवर आणि गद्धेगाळांवरही (दान मोडणाऱ्याला गाढवाच्या चित्राने शाप देणाऱ्या शिळांवरही) तीच जोडी असते, आणि तिचा अर्थ एवढाच की चंद्रसूर्य आहेत तोवर हे टिको.

शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आहे, असे आपण शेवटी ओझरते लिहिले आहे. ती सतीशिळा आहे, आणि मला ती वीरगळीहून अधिक अस्वस्थ करते. तिथे चेहरा नसतो, नावही बहुधा नसते. सौभाग्याची खूण म्हणून बांगड्या तेवढ्या एकेक मोजता येतील अशा कोरलेल्या असतात.

एक कळकळीची विनंती आहे. सीना नदीकाठच्या एका गावात मी अशीच वीरगळ पाहिली होती. वर्षभराने गेलो तेव्हा तिला चकचकीत ऑइलपेंट फासलेला होता आणि पिंडीची शाळुंका कुठे संपते हेही कळत नव्हते. आपल्या दगडावरचा शेंदूर खरवडू नये, अक्षरे दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नये. दिवस मावळल्यावर टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरावा. तिरप्या उजेडात झिजलेली रेषाही उठून दिसते. चौकटींच्या मधल्या पट्ट्या अवश्य तपासाव्यात, कारण लेख असलाच तर बहुधा तिथेच असतो, आणि आपल्या भागात तो कन्नड लिपीत असण्याचा संभव पुष्कळ आहे.