‘आय थिंक’ म्हणजे ‘मी विचार करते’ नव्हे

नाशिकरोडहून एका आईने विचारलं आहे की, मुलीच्या भाषांतराच्या वहीत ‘आय थिंक इट विल रेन’चं मराठी ‘मी विचार करते की पाऊस पडेल’ असं लिहून दिलंय. हे बरोबर आहे का? आणि ‘थिंक’चे मराठीत एकूण अर्थ तरी किती?

साफ चूक आहे. चूक वहीपुरती असती तर एवढं लागलं नसतं, पण डब केलेल्या मालिका, जाहिराती, मुलाखती, सगळीकडे हेच कानावर पडतं. ‘तुम्ही याबद्दल काय विचार करता?’ असं कोणी विचारलं की मला तिथेच थांबवून सांगावंसं वाटतं, अहो, ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणा. गोदेला पूर आला की होळकर पुलावर जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतोच, ‘मला वाटतं, पाणी आज दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागणार.’ (घाटावरच्या या मूर्तीवरून नाशिककर पुराचं पाणी मोजतात.) ‘मी विचार करतो की पाणी छातीला लागणार’ असं म्हणणारा नाशिककर मला अजून भेटायचाय. विचार करणं हे बसून, वेळ देऊन करायचं काम आहे. बाग ठेवायची की काढायची, याचा द्राक्षवाला विचार करतो. पण आभाळ बघून ‘यंदा डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीरोग) येणार’ असं त्याला वाटतं.

बाकीचे अर्थ भराभर सांगतो. नाव ‘थिंक’ होत नसेल तर ते आठवत नाही. युक्ती सुचते. एखाद्याला आपण प्रामाणिक समजतो किंवा मानतो. ‘आय थॉट सो’ म्हणजे ‘वाटलंच होतं’. आणि बेत असेल तर मराठी माणूस चक्क ‘म्हणतो’: ‘उद्या त्र्यंबकला जाईन म्हणतो.’ हे ‘म्हणतो’ कुठल्याही इंग्रजी-मराठी कोशात ‘थिंक’समोर पहिल्या ओळीत असायला हवं. तिथे पहिल्या ओळीत सहसा ‘विचार करणे’ असतं आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. काही जण हिंदीला दोष देतात, तो अन्याय आहे. हिंदीतही ‘मुझे लगता है’ असंच म्हणतात.

आता खरी गोष्ट. इंग्रजीतही हे ‘मला वाटतं’ होतं! जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. ‘थेंचन’ म्हणजे विचार करणं आणि ‘थ्युंचन’ म्हणजे वाटणं, भासणं. पुढे दोघांचे उच्चार एकमेकांत मिसळले आणि एकच ‘थिंक’ उरलं. शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारं ‘मीथिंक्स’ हा त्या दुसऱ्या क्रियापदाचा अवशेष. त्यातला ‘मी’ हा इंग्रजी ‘me’, तो कर्ता नव्हे, ती चतुर्थी आहे: ‘मला’. ‘मीथिंक्स’ म्हणजे शब्दाला शब्द लावून ‘मला वाटतं’. जर्मनमध्ये ही दोन्ही क्रियापदं वेगळीच राहिली, ‘डेंकेन’ आणि ‘ड्युंकेन’, जरी दुसरं आता जुनाट झालंय. म्हणजे इंग्रजीने जो भेद हरवला तो आपण सांभाळून ठेवला, आणि आता इंग्रजीच्याच नादाने तो टाकून द्यायला निघालो आहोत. ‘थँक’ही याच कुळातला, मुळात त्याचा अर्थ ‘विचार’, मग ‘मनात ठेवलेला चांगला विचार’. पण तो विषय आज नको.

आपलं ‘वाटणे’ कुठून आलं? मी ‘वृत्’ धातू धरतो. संस्कृत ‘वर्तते’, प्राकृत ‘वट्टइ’, मराठी ‘वाटे’. चालायची ‘वाट’ही ‘वर्त्म’वरून, म्हणजे त्याच धातूची. पाट्यावर चटणी वाटतात तसा मनात विचार वाटला जातो, असं स्पष्टीकरण काही जाणकार मोठ्या ऐटीत देतात. त्यांनी एक वाक्य भूतकाळात करून बघावं. ‘मी चटणी वाटली’, पण ‘मला वाटलं’. एक सकर्मक, दुसऱ्याला ‘मी’ चालतच नाही. उच्चार सारखा म्हणून अर्थाची सोयरीक जुळवायची, ही व्युत्पत्ती नव्हे. पेढे वाटण्याचं ‘वाटणे’ तर ‘वण्ट्’वरून आलेलं, तिसरंच.

माझं म्हणणं याहून पुढे जातं. ‘वृत्’ म्हणजे वळणं, फिरणं. ‘विचार’ ‘चर्’वरून, म्हणजे हिंडणं. कवितेतलं ‘मज गमे’ ‘गम्’वरून, जाणं. ‘प्रतीत होणे’, ‘प्रत्यय येणे’ यांत ‘इ’ धातू, पुन्हा जाणंच. ‘अवगत’मध्येही ‘गम्’. संस्कृत वैयाकरणांचं वचनच आहे की गतीचे सारे धातू ज्ञानाचेही असतात. आपल्या भाषेत मन बसून राहत नाही, चालतं. ‘समजणे’ या रांगेत बसत नाही, ते ‘बुध्’चं, हे मान्य. पण एवढ्या शब्दांनी एकाच दिशेला जावं, याला मी योगायोग म्हणणार नाही.

‘लेखी मराठीत “मला वाटते” नको, ते कमकुवत दिसतं, “माझे मत आहे” लिहा’ असं शिकवणारेही आहेत. त्यांच्याशी माझं मुळीच जमत नाही. मत मांडायचं असतं, पावसाचा अंदाज वाटतो. सटाण्याकडचा अहिराणी बोलणारा माणूस ‘माले वाटस’ म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्यात कुठलाही कमकुवतपणा नसतो.

राहिली वही. ‘मला वाटतं, पाऊस पडेल’ असं लिहा. ‘की’ची गरज नाही, स्वल्पविराम पुरे. ‘वाटतं’ला गुण कापले तर मुलीला एवढंच विचारायला सांगा की घरी आपण काय म्हणतो.