सीपीके वाढले, म्हणजे हृदयविकार का?

प्रश्न : माझा मुलगा पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करतो. दोन महिन्यांच्या खंडानंतर त्याने एकाच दिवशी शेकडो उठाबशा काढल्या. तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखू लागल्या की रक्त तपासावे लागले, तेव्हा ‘सीपीके’ बरेच वाढलेले निघाले. हे हृदयाशी संबंधित आहे, असे शेजारी सांगतात. खरे काय? — एक पालक, सातारा

उत्तर : सीपीके, म्हणजेच क्रिएटिन कायनेज, हे स्नायूंच्या पेशींत राहणारे विकर (एन्झाइम) आहे. स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या बळावर. पण त्याची शिल्लक इतकी तुटपुंजी असते की जोराच्या हालचालीत ती दोन-तीन सेकंदांतच संपावी. तशी ती संपत नाही, कारण हे विकर फॉस्फोक्रिएटिनच्या राखीव साठ्यातून फॉस्फेट उचलून, एटीपी वापरल्यावर उरणाऱ्या एडीपीला जोडते आणि ऑक्सिजनची वाट न पाहता एटीपी पुन्हा उभे करते. (हा साठा १९२७ साली उजेडात आणणाऱ्यांत हार्वर्डमध्ये काम करणारे आपले भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.) मैदानी चाचणीतल्या गोळाफेकीचा झटका जवळजवळ पूर्णपणे याच सोयीवर चालतो. शंभर मीटरच्या धावेत मात्र आठ-दहा सेकंदांत साठा बराच ओसरतो आणि शर्करेचे विघटन करणाऱ्या विकरांवर भार येतो, तर सोळाशे मीटरमध्ये बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने मिळते.

सवय नसताना अति व्यायाम केला की स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि हे विकर रक्तात झिरपते. एक ते तीन दिवसांत त्याचे प्रमाण शिखर गाठते. आपल्या मुलाची तपासणी नेमकी त्याच सुमारास झाली. शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण या विकराचा ‘एमबी’ हा प्रकार हृदयात अधिक असतो आणि पूर्वी त्यावरून हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करीत. आता त्यासाठी ट्रोपोनिन हे हृदयस्नायूतील प्रथिन तपासतात. हातापायांच्या स्नायूंतील प्रकार ‘एमएम’ असून या वयात, या कारणाने वाढलेले सीपीके बहुधा तेच असते.

तरीही लघवी चहासारखी गडद झाली किंवा तिचे प्रमाण घटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण स्नायूंतून सुटलेले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करू शकते. अन्यथा भरपूर पाणी व विश्रांती द्यावी, आठवडाभराने डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी पुन्हा करावी आणि त्याआधीचे काही दिवस उठाबशा काढू देऊ नयेत.