बागेचे प्रश्न : पाने भरपूर, मोगरा मात्र फुलत नाही

प्रश्न : घराच्या भिंतीलगत काळ्या मातीत चार वर्षांपूर्वी लावलेला आमचा मोगरा छातीएवढा वाढला आहे, परंतु उन्हाळ्यात जेमतेम ओंजळभर फुले येतात. धुण्याचे पाणी त्याला रोज जाते, शिवाय अधूनमधून मूठभर युरियाही टाकतो. गेल्या वर्षापासून शेंड्याची पाने पिवळी पडत आहेत. बुंध्याशी गंजलेले खिळे पुरले, तरी फरक नाही. काय करावे?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : आपल्या मोगऱ्याचे लाड जरा जास्तच झाले आहेत. आपल्याकडे मोसंबीच्या बागांना आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून ताण देतात, हे आपण पाहिलेच असेल. मोगऱ्यालाही हाच उपाय मानवतो, कारण त्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला लागते आणि बारमाही ओल व युरियातले भरपूर नत्र मिळालेले झाड पालाच वाढवत बसते.

तेव्हा युरिया आजच बंद करावा आणि धुण्याचे पाणी दुसरीकडे वळवावे. साबणातल्या सोडियममुळे भारी काळी जमीन हळूहळू चोपण, म्हणजे घट्ट व पाणी न मुरणारी, होते. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी पूर्ण तोडावे. भारी जमिनीत ओल टिकून राहत असल्याने पाने मलूल होऊन गळू लागायला तीन-चार आठवडे लागतील, तेवढा धीर धरावा. जानेवारीअखेर सर्व फांद्या जमिनीपासून सुमारे दीड फुटावर, डोळ्याच्या (फूट निघते त्या जागेच्या) किंचित वर, धारदार कात्रीने छाटाव्यात, वाळलेल्या काड्या बुडातून काढाव्यात आणि उरलेली पाने हाताने ओरबाडून टाकावीत. झाड उघडेबोडके दिसेल, घरातली मंडळी हळहळतील. तिकडे लक्ष देऊ नये. नंतर आळे खुरपून आठ-दहा किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि पहिले पाणी हलकेच द्यावे. मार्चच्या सुमारास नव्या फुटव्यांच्या टोकाला तीन-तीन कळ्यांचे झुबके दिसू लागतील. एक बहर ओसरला की फुले येऊन गेलेले शेंडे खुडावेत, म्हणजे पुढची फूट निघते.

पिवळेपणाचे कारण वेगळे आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे दिसत असेल तर ती लोहाची कमतरता होय. मराठवाड्यातील चुनखडीयुक्त जमिनीत लोह असते, पण मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. बोअरच्या जड पाण्याने त्यात भरच पडते. खिळ्यांचा गंज तर पाण्यात विरघळतच नाही, म्हणून तो उपाय फुकट गेला. त्याऐवजी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून, नवी पाने पुरेशी उघडल्यावर, दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा फवारावे. फवारणी संध्याकाळीच करावी. एकदा घाईने भर दुपारी फवारून मी स्वतःच्या झाडाची कोवळी पाने करपवून घेतली होती.

भिंत कोणत्या दिशेला आहे, हे आपण कळवलेले नाही. मोगऱ्याला किमान सहा तास थेट ऊन लागते, आणि भिंतीच्या सावलीत वरील सारे करूनही फुले बेताचीच येतील. तसे असल्यास चार वर्षांचे झाड उपटण्याचा खटाटोप न करता, पावसाळ्यात जमिनीलगतची एखादी फांदी मातीत दाबून मुळे फुटू द्यावीत आणि ते रोप अंगणातल्या मोकळ्या उन्हात लावावे.