घरी केलेल्या लुअरचा रंग टिकतच नाही, काय करू?

प्रश्न : नमस्कार. मी वर्षभर खाडीत गरवायला जातो, जिताडा आणि तांबोशीसाठी. विकतचे लुअर (गळाला लावायचे नकली मासे) तिवरांच्या मुळांत अडकून जातात, दर वेळी नवे घेणं परवडत नाही, म्हणून सावरीच्या लाकडाचे चार घरीच कोरले. हार्डवेअरवाल्याकडनं ऑइल पेंट आणला, दोन हात मारले, वरून ट्रान्सपरंट नेलपॉलिश. दिसायला मस्त झाले पण तासाभरात फोड आले आणि पोटाकडनं रंग सोलून निघाला. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं यंत्र, घेऊ का? आणि कुठला रंग चांगला चालतो?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एअरब्रश अजिबात घेऊ नका, निदान पहिले दहा लुअर होईपर्यंत तरी नको. तुमचा रंग वाईट नाहीये, खालचं लाकूड पाणी पितंय. सावर हलकी, कोरायला सोपी, पण स्पंजसारखी. जिथे हुकची तार आत जाते त्या भोकातनं पाणी शिरतं, लाकूड फुगतं आणि रंग वर उचलला जातो. माझ्या पहिल्या लुअरचंही हेच झालेलं, उकडलेल्या बटाट्याची साल निघते तसा अख्खा रंग हातात आला होता, फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

म्हणून आधी लाकूड बंद करा. १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०, धूळ पुसून सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा द्रव) तीन हात, प्रत्येक हात वाळला की हलकं घासायचं. भोकांत आणि तारेच्या बुडाशी पातळ फेविक्विक सोडा, ते लाकडात मुरतं आणि कडक होतं (फक्त कापसाने किंवा सुती फडक्याने पुसायला जाऊ नका, कापसावर ते एकदम तापतं, बोट भाजेल). आणि रंगाच्या आधी बादलीत सोडून बघा, सरळ तरंगतोय की कलतोय, कारण वजनासाठी पोटात घातलेलं शिसं कमीजास्त करायचं ते आत्ताच, नंतर सगळं उकरावं लागतं.

मग पांढरा प्रायमर. हा वगळू नका, लाकडावर थेट मारलेला पिवळा किंवा केशरी मळकाच दिसतो. त्यावर साधे ॲक्रिलिक, पातळ पातळ हात, एक पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. खवल्यांसाठी आंघोळीच्या जाळीदार घासणीचा तुकडा कापून लुअरभोवती ताणून कपड्याच्या चिमट्यांनी धरा, स्पंजच्या तुकड्याला अगदी थोडा रंग लावून, आधी कागदावर टिपून, मग जाळीवर थापा. जाळी सरळ वर उचलायची, घसरवायची नाही. पहिल्यांदा हे जमलं ना की माणूस तो लुअर खिशात घेऊन फिरतो!

वरचा थर नेलपॉलिशचा नको, त्यातलं सॉल्व्हंट खालचा रंग विरघळवतं. हस्तकलेच्या दुकानात मिळतं ते दोन भागांचं क्लिअर इपॉक्सी घ्या, दोन्ही भाग मिसळले की ते कडक होतं. प्रमाण बाटलीवर असेल तेच, अंदाजाने ओतलंत तर चिकटच राहतं. लावल्यावर लुअर उलटसुलट फिरवत राहायला लागतो, नाहीतर सगळं ओघळून पोटाखाली थेंब जमतो. फिरवायला मोटर नसेल तर तारेला टांगा आणि घट्ट होईपर्यंत दर पाच मिनिटांनी उलटा करा, कंटाळा येतो पण इलाज नाही. बुडबुडे दिसले तर हेअर ड्रायर लांबून फिरवा. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून. आणि पावसाच्या दमट दिवसांत लाकडी फर्निचरचं लॅकर वापरू नका, त्यावर पांढरट धुरकट झाक येते.

आता रंग कुठला. बाजारातनं एक ताजी बोय आणा आणि कालवण करायच्या आधी खिडकीत धरून नीट बघा. पाठ करडी-हिरवट, कुशी चांदीसारखी, त्यावर खवल्यांच्या ओळींच्या बारीक काळपट रेघा, पोट पांढरं. जिताडा हेच खातो, मग हेच रंगवा. पाठ गडद आणि पोट फिकं, एवढं जमलं तरी पुष्कळ. गढूळ पाण्यात मात्र बारीक नक्षी दिसत नाही, तिथे सोनेरी किंवा पोपटी कुशी आणि काळी पाठ, ठळक फरक हवा. लाल रंगावर फार वेळ घालवू नका, पाण्यात खोल गेलं की सगळ्यात आधी तोच विझतो.

चांदी रंगवायला जमत नसेल तर चॉकलेटची चांदी चिकटवा. फिनलंडच्या लॉरी रापाला या मच्छीमाराने १९३६ मध्ये आपला पहिला, बुचाचा लुअर केला तेव्हा त्याने हेच केलं होतं, आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून थर दिला होता, त्याच्याकडे कुठलं इपॉक्सी!

तुमचे चारही लुअर फेकू नका. रंग पूर्ण खरवडा, आठवडाभर सावलीत वाळू द्या, मग सीलरपासून सुरू करा. एका वेळी एकच घ्या आणि इपॉक्सी झाल्यावर निदान दोन दिवस पाण्यात टाकू नका, कितीही हात शिवशिवले तरी.