पिंक फ्लॉइड ऐकायचंय? आधी माळवदावर जा

बाळा, पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड. ऐकायला सुरुवात १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमपासून कर. मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको. लातूरच्या उन्हाळ्यात रात्री माळवदावर अंथरूण टाक, हेडफोन लाव आणि ४३ मिनिटं मधे उठू नकोस. बरीच गाणी एकमेकांत मिसळत जातात, सुटी सुटी ऐकलीस तर अर्धी मजा गेली. शब्द सगळे नाही कळले तरी चालतंय.

मग १९७५ चा 'विश यू वेअर हिअर'. त्यातली ९ भागांची लांब रचना बँडपासून दुरावलेल्या त्यांच्या जुन्या गायक-गिटारवादकासाठी, सिड बॅरेटसाठी आहे, एवढं मनात ठेव. डेव्हिड गिल्मोरच्या गिटारचे ते चार सूर यायला जवळपास चार मिनिटं लागतात. घाई करू नकोस. तिथं मला आजही गलबलून येतं.