सव्वा कोटी मुंबईकर आणि सोळा प्रोसेसर

प्रश्न : २०२० मध्ये मुंबईतल्या टीआयएफआर आणि बंगळुरूच्या आयआयएससी या संशोधन संस्थांनी करोनाची साथ संगणकात ‘चालवून’ पाहिली, असं वाचलं. हजार संगणक लावले तर हे काम हजारपट लवकर होईल ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मलाही तसंच वाटायचं. त्या प्रारूपात, म्हणजे संगणकातल्या नकली शहरात, मुंबईचे सुमारे सव्वा कोटी रहिवासी एकेक करून मांडले होते. प्रत्येकाला घर आणि वस्ती, कुणाला शाळा, कुणाला कामाची जागा, लोकलचा प्रवाससुद्धा. ते वाचून मी हौसेने लाखभर माणसांचं एक प्रारूप लिहिलं आणि सोळा प्रोसेसरांवर वाटलं. कसं? पत्ते वाटावेत तसं, यादीतल्या क्रमांकाने. नवरा तिसऱ्या प्रोसेसरवर, बायको अकराव्यावर! रोज रात्री दोघं ‘घरी’ आली, की लागण ठरवायला प्रोसेसरांची निरोपानिरोपी सुरू. एकट्या प्रोसेसरवर चाळीस मिनिटांत होणारं काम सोळा जणांनी मिळून तासभर केलं.

मग वॉर्डांच्या हद्दी धरून वाटणी केली. कुटुंबं एकत्र आली, निरोप घटले. पण बोरिवलीत राहून रोज चर्चगेटला उतरणाऱ्याला बसवायचं कुठे? शिवाय दिवसाचा एकेक टप्पा सगळ्यांचा पुरा झाल्याखेरीज पुढचा सुरू करता येत नाही. दाट वस्तीचा तुकडा ज्याच्या वाट्याला, तो राबतोय आणि बाकीचे पंधरा त्याची वाट बघत बसलेत.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेत लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये २८.१ कोटी लोकांमधली फ्लूची साथ अशीच चालवली. दोनेक हजारांच्या वस्त्या, दिवसाचे बारा-बारा तासांचे दोन टप्पे. गंमत म्हणजे त्यांचा प्रोग्राम अणूंच्या हालचालींसाठी लिहिलेल्या प्रोग्रामवरून बेतलेला होता. अणूला ढकलणारे त्याचे शेजारीच असतात. माणूस विमानात बसतो.

माझी आणखी एक फजिती सांगतो. लागण ठरवायला संगणकात फासे टाकावे लागतात, आणि मी सोळाही प्रोसेसरांच्या फाशांची सुरुवात एकाच आकड्यापासून केली होती. त्यामुळे सगळ्यांचे फासे सारखेच पडत गेले. पहिल्याच दिवशी सोळाही तुकड्यांत ४१७ नंबरचाच माणूस आजारी!

फाशांमुळेच एकदा चालवून भागत नाही. तीच साथ शंभरदा चालवून उत्तरं किती पांगतात ते बघावं लागतं. तिथे मात्र तुमचा हिशेब जवळजवळ खरा ठरतो. शंभर फेऱ्या शंभर संगणकांवर टाका, कुणाला कुणाशी बोलायचंच नसतं.