जळगाव-धुळ्याकडे भिंतीवरच्या चित्रांसमोर कपड्यांचे फोटो काढायचे तर कुठे आणि कसे?

तुमचा प्रश्न मी असा समजले: मुंबई-पुण्याच्या मुली रंगवलेल्या भिंतींसमोर उभ्या राहून रोज नवे कपडे दाखवतात, तुम्हाला जळगावात तशी भिंत सापडत नाही, आणि सापडली तरी रस्त्यात उभं राहायची लाज वाटते. मी अमळनेरची, नोकरी जळगावात, आणि पाच-सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी हाच उद्योग करते. फॉलोअर मोजके आहेत, त्यातले निम्मे नातेवाईक. तेवढं धरून वाचा.

मुंबईत ससून डॉकला किंवा माहीमला अख्ख्या इमारती रंगवल्यात, तसलं इथे शोधू नका. आपल्याकडे चित्र असतं कुंपणाच्या भिंतीवर, पाच-सहा फूट उंच आणि लांबच लांब. २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं तेव्हापासून सरकारी भिंतींना रंग लागायचं प्रमाण वाढलं. झाडं, मोर, झाडू घेतलेली माणसं आणि मधेच ठळक घोषणा. या घोषणांनी माझा पहिला फोटो खाल्ला. पोपटी कुर्ता, ऑक्सिडाइजचे झुमके, हसू अगदी मनासारखं, आणि डोक्याच्या बरोबर वर 'उघड्यावर शौचास बसू नये'. मैत्रिणींनी तो वर्षभर स्टिकर म्हणून वापरला. तेव्हापासून मी भिंत आधी वाचते, मग बघते.

दुसरी गोष्ट, या भिंतींचा खालचा दीड फूट सोडून द्या. तो गुटख्याचा. फोटो गुडघ्यापासून वर घ्या, नाहीतर चपला कितीही भारी असोत, नजर त्या लाल पिचकाऱ्यांवरच जाते. भिंत नुकतीच रंगवलेली असेल तर त्याच आठवड्यात जा. एक पावसाळा गेला की मोराचा पिसारा पोपडे धरतो, आणि निवडणूक आली की अर्ध्या चित्रावर चुना.

माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्यात चांगल्या भिंती जिल्हा परिषदेच्या शाळांच्या. वर्गखोल्यांना रेल्वेच्या डब्याचा रंग दिलेल्या शाळा तुम्हीही पाहिल्या असतील. खिडक्यांना पिवळे पट्टे, दाराशी डब्याचा नंबर. भुसावळच्या इतक्या जवळ राहून आपण रेल्वेसोबत फोटो काढायचा नाही तर कुणी? स्टेशनात कॅमेरा, स्टँड, कपड्यांच्या पिशव्या घेऊन शिरलं की हटकतात, शाळेतल्या गाडीला कुणी टीसी नाही. रविवारी जा, मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. मुलं असतातच आवारात क्रिकेट खेळत, त्यांचे चेहरे फोटोत घेऊन टाकू नका.

वारली चित्रं तर आता प्रत्येक बागेच्या भिंतीवर आहेत. खरं म्हणजे ती कला पालघरकडची. खान्देशातल्या पेंटरला 'काहीतरी पारंपरिक काढ' म्हटलं की तोही वारलीच काढतो, याची मला थोडी गंमत वाटते आणि थोडं वाईटही. पण कपड्यांच्या दृष्टीने ती भिंत सोपी आहे. मागे गेरूचा तांबूस रंग, वर पांढऱ्या बारीक आकृत्या. त्यापुढे हळदी, गर्द निळा, बाटलीसारखा हिरवा असा एकरंगी कपडा घाला. बारीक बुट्ट्यांचा किंवा पांढऱ्या छापाचा ड्रेस घातला तर तुमच्या अंगावरही वारली नाचतायत असं दिसेल. उलट चित्र मोठं असेल, म्हणजे नुसता एक चेहरा किंवा एकच केळीचं पान, तर बारीक नक्षी छान उठते. मोठ्यापुढे बारीक, बारीकपुढे साधं, एवढंच मी बघते.

एका कुंपणभिंतीवर बहिणाबाईंचं चित्र होतं, डोक्यावर पदर घेतलेलं. तिथे मीही नऊवारी नेसून गेले. फोटो स्नेहसंमेलनातल्या वेशभूषा स्पर्धेसारखा आला. पुढच्या खेपेला जीन्स आणि आईचा जुना सुती ब्लाऊज घालून गेले तर तोच कोपरा एकदम जमला. भिंतीवर जे आहे तेच अंगावर घातलं की दोन्ही खोटं वाटतं.

नक्कल करण्यावरूनच नंदुरबारकडच्या होळीबद्दल एक सांगते. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची होळी बघायला लांबून लोक येतात. बुध्या झालेल्या, म्हणजे होळीसाठी नवसाचं सोंग घेतलेल्या माणसांच्या डोक्यावरचे मोरपिसांचे टोप, कंबरेचे घुंगरू, अंगावरची नक्षी बघून 'आपणही असा लुक करावा' असं वाटतं. नका करू. त्यांचा तो नवस असतो, पाळणूक असते.

आता उजेड. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ च्या पुढे जातो हे तुम्हाला सांगायला नको, पण तापलेल्या भिंतीला पाठ लावून उभं राहिल्यावर काय होतं ते अनुभवानेच कळतं. हिवाळ्यात साडेसात ते नऊ, उन्हाळ्यात सातच्या आत. आदल्या दिवशी जाऊन भिंतीचं तोंड कुठे आहे ते बघून या. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळचं ऊन सरळ तुमच्या डोळ्यांत येतं आणि सगळे फोटो कपाळाला आठ्या घातलेले येतात. पश्चिमेकडच्या भिंतीला सकाळी सावली असते आणि सावलीतच कापडाचा खरा रंग दिसतो. ऑइल पेंटची भिंत चमकते, तिच्यावर पांढरे डाग येतात. डिस्टेंपरची मुकाट्याने उभी राहते. भिंतीपासून चार-पाच फूट पुढे या, नाहीतर हिरव्या भिंतीचा रंग गालावर चढतो आणि माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. त्याने चित्र धूसर होणार असेल तर इतक्या लांब आलोच कशाला?

उजेडाचं हे वेड मला चाळीसगावात लागलं. स्टेशनजवळ केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर आहे, आता संग्रहालय म्हणून जपलेलं. हा माणूस घराबाहेर क्वचितच पडायचा आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून फोटोत अख्खा देखावा उभा करायचा. एकदा जाऊन या, पूर्ण दुपार द्या.

लाजेचं म्हणाल तर ती जात नाही, सवयीची होते. सोबत कुणीतरी न्या, शक्यतो बहीण. भाऊ तीन फोटोंत कंटाळतो. माझ्या आजोळी निळीच्या चुन्याने सारवलेलं एक घर आहे, दारावर लग्नातला गणपती, केळीचे खांब, वधूवरांची नावं आणि तारीख रंगवलेली. आजीचं हिरवं लुगडं ओढणीसारखं घेऊन तिथे उभी होते, तर ओट्यावरच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "काय करी ऱ्हायनी वं माय?" मी घाबरत सांगितलं. त्या आत गेल्या, पदर नीट करून परत आल्या, "मना बी काढ ना एक फोटू." त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो त्यांचाच आहे. तो मी टाकलेला नाही, फ्रेम करून त्यांना दिला. माझा मात्र टाकला, आणि वधूवरांची नावं झाकायची राहिली. त्या घरच्या सुनेने फोन करून चांगलंच सुनावलं, आणि तिचं बरोबर होतं. घराची भिंत रस्त्याकडे तोंड करून असली म्हणून रस्त्याची होत नाही.

एखाद्या दुकानाचे कपडे पैसे घेऊन दाखवणार असाल तर चित्रकारालाही विचारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढायला सूट आहे, रंगवलेल्या चित्राचं नाव तिथे स्पष्ट घेतलेलं नाही. आणि विचारणं अवघड नसतं, कारण आपले पेंटर चित्राच्या कोपऱ्यात नाव आणि मोबाइल नंबर दोन्ही लिहितात.

मी असाच एका नंबरवर फोन केला, इन्स्टाग्रामवर टॅग करायला नाव हवं होतं म्हणून. चित्र होतं कापूस वेचणाऱ्या बाईचं. पेंटर म्हणाले ते इन्स्टा-बिन्स्टा नाही, फोटो व्हॉट्सॲपला पाठवा. पाठवला. बराच वेळ निळ्या टिका नुसत्या. मग उत्तर आलं: "ड्रेस चांगला आहे ताई. पण तुम्ही नेमक्या त्या बाईच्या उजव्या हातापुढे उभ्या राहिलात. तोच हात मला जमला होता."

पुढच्या रविवारी तोच ड्रेस घालून परत गेले आणि तीन पावलं डावीकडे उभी राहिले.